ताट स्वच्छ होतं

३ जुलै २०२५, गुरुवार

ही वही डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून सुरू केली आहे. ताप किती, उलट्या किती, एवढंच लिहायचं, असं त्या म्हणाल्या. पण छत्तीस वर्षं टाचणवही लिहिलेल्या माणसाला एवढ्यावर थांबता येत नाही. तेव्हा ताप नाही, उलट्या तीन, आणि बाकीचं खाली लिहितो.

काल सोलापूरला रुद्रम्माचा पहिला किमो झाला. डाव्या स्तनात गाठ आहे, साडेचार सेंटिमीटर. दर तीन आठवड्यांनी एक असे चार किमो, मग गाठ आक्रसली की ऑपरेशन, असा बेत आहे. पहाटे पाचला गावातून, माकणीहून, निघालो, दहाला नंबर लावला, तीनला आत घेतलं. सगळं उरकल्यावर मी बाईंना विचारलं, पथ्य काय? तर म्हणाल्या, सगळं खाऊ द्या, चांगलं खाऊ द्या. आणि दुसऱ्या पेशंटची फाईल उघडली. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालोय. आठवीतल्या पोरानं परीक्षेत असं उत्तर लिहिलं असतं तर मी पाचपैकी शून्य दिले असते. चांगलं म्हणजे काय? किती वाजता? किती ग्रॅम? एवढी मोठी डिग्री आणि उत्तर शेजारणीनं द्यावं तसं.

रुद्रम्मा परतीच्या गाडीत काही बोलली नाही. ती तशीही फार बोलत नाही. तिचं माहेर आळंदकडचं, लग्न होऊन आली तेव्हा तिला धड मराठी येत नव्हतं. तेव्हापासून घरात बोलायचं काम माझ्याकडेच आहे.

६ जुलै, रविवार

सकाळपासून भेटायला रीघ. एकानं कडुनिंबाचा रस आणला, एकीनं पपईच्या पानांचा, आणि एका शहाण्यानं बाटलीत गोमूत्र. तिघांनाही चहा पाजला आणि बाटल्यांसकट वाटेला लावलं. मोबाईलवर काय येईल त्यावर विश्वास ठेवणारी ही माणसं शाळेत माझ्याच हाताखालून गेली, याची लाज वाटते.

दुपारी मात्र डोक्यात उजेड पडला. पेपरच्या पुरवणीत निकिताचा लेख आलाय. निकिता म्हणजे आमच्या गावच्या बब्रुवानची मुलगी, माझी विद्यार्थिनी. आठवीत तिनं काढलेली पेशीची आकृती मी फळ्याशेजारी डकवली होती. आता पुण्यात कर्करोगावर संशोधन करते. 'पेशी स्वतःलाच खाते तेव्हा', भाग पहिला. प्रत्येक पेशी आपल्यातला मोडका, नासका माल गोळा करते आणि पचवून टाकते. याला ऑटोफॅजी म्हणतात, म्हणजे स्वतःचं भक्षण. माणूस उपाशी असला की हे काम वाढतं. ते चालू-बंद करणारी काही नियंत्रक प्रथिनं असतात. त्यातलं बेक्लिन नावाचं प्रथिन स्तनाच्या कर्करोगात बऱ्याचदा कमी झालेलं आढळलं, आणि ज्या उंदरांमध्ये ते निम्म्यावर आणलं त्यांना गाठी झाल्या.

मी लेख तीनदा वाचला. पेनानं खुणा केल्या. साधं समीकरण आहे. उपास केला की साफसफाई वाढते, साफसफाई वाढली की गाठ खाल्ली जाते. आणि बाई म्हणतात, सगळं खाऊ द्या!

९ जुलै, बुधवार

रुद्रम्माला समोर बसवून आकृती काढून समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून भाकरी थापायला लागली. सूनबाई शिवरंजनी म्हणाली, "मामा, डॉक्टरांना विचारा की आधी." मुलगा नंदीश, त्यानंही पुण्याहून फोनवर तेच सांगितलं. माझ्याच घरात मला कुणी मोजत नाही. विचारीन. विचारायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

१३ जुलै, रविवार

ताप ९९. तोंडात फोड आलेत. केस उशीवर गळतात.

निकिताच्या लेखाचा दुसरा भाग आलाय. मथळ्यातच 'पण' आहे. पेपरवाले एका लेखाचे दोन करतात ते जागा भरायला, हे मला ठाऊक आहे. सार पहिल्या भागातच येऊन गेलं. सवडीनं वाचीन.

२४ जुलै, गुरुवार

काल दुसरा किमो. वजन साडेपन्नास, पहिल्या वेळी बावन्न होतं. मी निकिताचं कात्रण सोबत नेलं होतं. बाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी हातसुद्धा लावला नाही. म्हणाल्या, "गुरुजी, त्यांचं वजन उतरू देऊ नका, बाकी माझ्यावर सोडा." रांगेतली माणसं ऐकत होती. एकजण हसला. मला इतका संताप आला की परतीच्या गाडीत नळदुर्ग कधी गेलं ते कळलं नाही. तुमच्यावर काय काय सोडायचं? बायको माझी आहे.

रुद्रम्मा माझ्या समीकरणाला दाद देत नाही हे उघड आहे. ती फक्त तिच्या लिंगाचं ऐकते. रोज सकाळी आंघोळ करून, भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन अर्धा तास बसते, त्याशिवाय चहाचा घोट नाही. तपासणीच्या वेळी गळ्यातलं काढा म्हणाले तर मुठीत धरून आत गेली. मी हे सगळं कॉलेजात असतानाच सोडलं. पण आज दिव्यांची आवस, उद्या श्रावण लागतोय, आणि मला एक गोष्ट सुचली आहे. औषध कडू असलं तर गुळात घालून द्यावं लागतं.

२६ जुलै, शनिवार

झालं. काल सकाळी ती पूजेला बसली असताना मी जाऊन शेजारी बसलो. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, कारण असा मी कधी बसत नाही. मी म्हणालो, श्रावणभर एकभुक्त राहायचा संकल्प कर, संध्याकाळच्या पूजेनंतर एकदाच जेवायचं, लिंगदेवाच्या कृपेनं गाठ जाईल. आवाज जरा बारीक झाला माझा, पण बोललो. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." हातावर पाणी सोडलं.

विज्ञान तिच्या भाषेत सांगितलं, एवढंच मी केलं. यात फसवणूक नाही. कितीतरी दिवसांनी रात्री सलग झोप लागली.

२९ जुलै, मंगळवार

ताप नाही. उलटी एक.

संध्याकाळी सातला जेवली. आमच्या लिंगायत घरात लिंगाला दाखवलेलं अन्न प्रसाद असतो, त्याचा कण टाकायचा नाही. ती तर जेवल्यावर ताट धुऊन ते पाणीही पिते. आज मुद्दाम ताट बघितलं. स्वच्छ. लोक म्हणतात किमोत जेवण जात नाही. इथं ताट चाटूनपुसून. दिवसभर उपाशी राहिल्यावर भूक कशी खरी लागते, हे बाईंना दाखवायला पाहिजे.

३ ऑगस्ट, रविवार

ताट स्वच्छ.

शिवरंजनीनं शेंगदाण्याचे लाडू करून फडताळात लपवले होते. दुपारी आत्याला, म्हणजे सासूला, द्यायचा विचार होता म्हणे. मी तिला चांगलं फैलावर घेतलं. संकल्प मोडायला लावतेस? ती म्हणाली, "डॉक्टर खाऊ द्या म्हणल्यात, मामा." मी म्हणालो, डॉक्टर काय म्हणाल्या ते मला समजतं. ती डबा उचलून आत गेली. सांगितलेलं ऐकायचं वळणच राहिलं नाही या पिढीत.

७ ऑगस्ट, गुरुवार

ताट स्वच्छ. दुपारभर शिलाई मशीनचा खडखडाट. सासू आजारी असताना सूनबाई शिवत बसल्यात. विचारलं तर म्हणाली, आत्याचे झंपर आत घेतेय. जुने झंपर आत घ्यायची आत्ताच काय नड होती? मशीनच्या आवाजानं रुद्रम्माची झोपमोड होते याचं कुणाला काही नाही. ती मात्र भिंतीकडं तोंड करून पडून होती, शांत. साफसफाई चालू असताना शरीराला विश्रांती लागतेच.

आरोग्य उपकेंद्रात वजनकाटा आहे, नेऊ का आत्याला, असं शिवरंजनीनं विचारलं. नको म्हणालो. ताट सांगतंय ना.

१३ ऑगस्ट, बुधवार

परतल्या परतल्या लिहितोय.

किमो दिला नाही. पहाटे पाचला निघालेल्या बाईला काट्यावर उभं केलं, रक्त काढलं, आणि परत जा म्हणाले. वजन साडेचव्वेचाळीस. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी, प्रथिनं कमी. गाठ चाचपून बघितली. पहिल्या किमोनंतर जरा मऊ वाटली होती, आता काही फारशी हललेली नाही म्हणाल्या. असं शरीर हा डोस सोसणार नाही, गणपती बसल्यावर २८ तारखेला या, तोपर्यंत सत्तेचाळीसच्या वर न्या, नाहीतर मला पुढचा विचारच करता येणार नाही.

मी म्हणालो, आमच्या घरी खाण्याचे हाल नाहीत, ताट रोज स्वच्छ असतं. बाईंनी विचारलं, "ताटात काय असतं?"

हा काय प्रश्न झाला? पण मी ताट रोज जेवण झाल्यावर बघत होतो. आधी बघितलंच नव्हतं. रुद्रम्मा खाली फरशीकडं बघत होती.

उत्तर सोबत आलेल्या शिवरंजनीनं परतीच्या गाडीत दिलं, तेही मी खोदून विचारल्यावर. पहिल्या आठवड्यात अर्धी भाकरी. मग चतकोर. मग दोन घास आंबील-भात. तोंडभर फोड, दिवसभराच्या उपाशीपोटी मळमळ, आणि प्रसाद टाकायचा नाही. मग जेवढं नक्की संपेल तेवढंच ती वाढून घ्यायची. मी ओरडलो, मला सांगितलं का नाही? पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. शिवरंजनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी विचारलंत कधी?"

या बायकांनी मिळून मला अंधारात ठेवलं. स्पष्ट लिहून ठेवतो. संकल्पात चूक नव्हती. अंमलबजावणीत झाली. एकदाच पण पोटभर जेवायचं होतं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनाला निकिता आली होती. सुट्टीला गावाकडं आलीय, शाळेनं दोन शब्द बोलायला बोलावलं. कार्यक्रम संपल्यावर मी तिला हाताला धरूनच घरी आणलं. आता एक तज्ज्ञ माझ्या बाजूनं बोलेल आणि हे सगळे गप्प बसतील, असं मला वाटलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं, संकल्पाची युक्तीसुद्धा, जरा अभिमानानंच. ऐकता ऐकता पोरीचा चेहरा उतरत गेला. रुद्रम्मा खाटेवर होती. निकितानं तिच्या पायाला हात लावला, मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. मग आम्ही दोघं ओसरीवर बसलो.

"सर, दुसरा भाग वाचला न्हाय का तुम्ही?"

मी म्हणालो, सवड झाली नाही.

तिनं माझ्याच वहीच्या मागं आकृती काढली. जसं दुष्काळात एखादं घर जुनी लाकडं, मोडकी खाट चुलीत घालून दिवस काढतं, तसं पेशी करते. निरोगी पेशीत त्यानं घर स्वच्छ राहतं, कर्करोग सुरू व्हायला आळा बसतो. बेक्लिनचं जे मी वाचलं ते हेच. "पण गाठ एकदा झाली की ती पण एक घरच हाय, सर. किमोनं तिच्यावर घाला घातला की ती पण हीच युक्ती करती. स्वतःचं सामान जाळून तग धरती. तिथं हीच ऑटोफॅजी तिच्या कामाला येऊ शकती." म्हणून कितीतरी ठिकाणी शास्त्रज्ञ ती वाढवायची नाही तर बंद पाडायची धडपड करतायत, मलेरियाचं जुनं औषध किमोबरोबर देऊन बघतायत. काहींना फरक पडला, बऱ्याच जणांना नाही. कुठल्या गाठीत, कुठल्या टप्प्यावर कुठलं बटण दाबायचं, हे अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. थोड्या वेळाचे उपास काही ठिकाणी तपासतायत, पण डॉक्टरांच्या नजरेखाली, दररोज वजन करून.

मी म्हणालो, पण उपाशी ठेवलं तर गाठही उपाशी राहणार ना? ती म्हणाली, गाठीला पाहिजे ते ती अंगातून ओढून घेती. आधी जातात ते काकूंच्या दंडातले, मांडीतले स्नायू.

"मी चार वर्षं एका प्रथिनावर काम करतेय, सर. काचेच्या बशीतल्या पेशींवर. तरी मला छातीठोक सांगता येत न्हाय."

मला इतका राग आला की काय बोललो ते धड आठवत नाही. छातीठोक सांगता येत नाही तर पेपरात कशाला लिहिता? लोकांच्या जिवाशी खेळ कशाला? माझ्या घरात माझ्या हाताखालची पोर मला शिकवणार? ती उठली. चप्पल घालताना म्हणाली, "मी दोन भाग लिहिले होते, सर."

१६ ऑगस्ट, शनिवार

दुसरा भाग शोधला. रद्दीत नव्हता. भाकरीच्या दुरडीत तळाला घातलेला सापडला, वाफेनं मऊ झालेला. वाचला. ती काल म्हणाली ते सगळं त्यात आहे, तिसऱ्या परिच्छेदापासून. शेवटी चौकट आहे. उपचार चालू असलेल्या रुग्णांनी हे वाचून स्वतःच्या मनानं उपास करू नयेत, वजन घटणं घातक ठरू शकतं.

पोरांच्या पेपरवर मी लाल शाईनं लिहायचो, प्रश्न पूर्ण वाचा. एकदा एका पोराला त्यासाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं.

आज कुणावर चिडायचं ते ठरवता येत नाही. तरी चीड गेलेली नाही. ती आहेच.

१७ ऑगस्ट, रविवार

सकाळी शिवरंजनीला शिरा करायला सांगितला. वाटी घेऊन मी स्वतः खाटेशी गेलो. खा म्हणालो. रुद्रम्मानं मान हलवली. संकल्प झालाय, आवसेपर्यंत न्हाय.

मी समजावलं. डॉक्टर काय म्हणाल्या, निकिता काय म्हणाली, वजन, पांढऱ्या पेशी. ती ऐकत राहिली, अगदी ९ जुलैला ऐकलं होतं तशीच. मग मी आवाज चढवला. तीनच दिवसांत शिरा, दूध, अंडं, सगळं सुरू व्हायला पाहिजे असं फर्मान काढलं. अंडं म्हटल्यावर तिनं कानावर हात ठेवले. आमच्या घरात कधी आलं नाही, माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. ती म्हणाली, "देवाला शब्द दिलाय. तुमीच द्यायला लावला."

आवस २२ तारखेला. २८ ला काटा. मधे सहा दिवस उरतात. सहा दिवसांत अडीच किलो कुणाचं वाढतं?

देव नाही, असं मी तीस वर्षं वर्गात आडून आडून सांगत आलो. आणि आता मी तिच्यात आणि शिऱ्याच्या वाटीत देव उभा करून बसलोय.

१८ ऑगस्ट, सोमवार

मठात गेलो. शेवटचा सोमवार, गर्दी होती. मठाचे स्वामी, अय्या, माझ्याच वयाचे, लहानपणी एका बाकावर होतो. त्यानंतर त्यांच्या पायरीला माझा पाय लागला नव्हता. मी म्हणालो, संकल्प सोडवायचा काय विधी असेल तो सांगा, करतो. अय्यांनी सगळी हकीकत विचारली. मी सांगितली. सांगताना जाणवलं, ही हकीकत गेल्या चार दिवसांत फार वाईट झाली आहे.

अय्या असे भडकले की अभिषेकाला बसलेली माणसं गप्प झाली. आजारी बाईला उपास कुठल्या शास्त्रात सांगितलाय? आपल्या शरणसंतांनी उपासतापास सांगितले का कधी? येईल त्याच्या पोटाला घालायचं, दासोह, हा आपला धर्म. दारात कोण उपाशी आलं ते आम्ही बघतो आणि तुम्ही शिकलेली माणसं घरात बसून नवी व्रतं काढता? मी खाली मान घालून ऐकलं. जी अंधश्रद्धा आमच्या मठातही नव्हती ती विज्ञानाच्या शिक्षकानं तयार केली.

शेवटी मी म्हणालो, मग तुम्हीच चला, तुमचा शब्द ती ऐकेल. अय्या म्हणाले, "मी येणार न्हाय, बसप्पा. विधी-बिधी काय नसतो त्याला. तू खोटं बोललास म्हणून सांग तिला. तू बांधलंस, तूच सोड."

घरी आलो. ती झोपली होती. उठवलं नाही. खरं म्हणजे धीर झाला नाही. वर्गात चुकलो तर मी फळा पुसून पुढं जायचो, पोरांना कळायच्या आत. चुकलो असं तोंडानं कधी म्हटल्याचं आठवत नाही. ना शाळेत, ना घरात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी तिची पूजा झाल्यावर सांगितलं. शिवरंजनी औषधं आणायला लोहाऱ्याला गेली होती. घरात आम्ही दोघंच.

मी म्हणालो, संकल्पाचं मी खोटं सांगितलं. लिंगदेव, कृपा, यातलं मला काही म्हणायचं नव्हतं. पेपरातला अर्धा लेख वाचला, तो तू ऐकेनास म्हणून देवाचं नाव पुढं केलं. तुझं वजन माझ्यामुळं गेलं. तुझा किमो माझ्यामुळं चुकला. हे बोलायला दोन मिनिटं लागली असतील. माझा शर्ट घामानं भिजला होता.

ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. म्हणाली, "मला ठावं व्हतं."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"तुमी माज्या शेजारी पूजेला येऊन बसला तवाच कळलं. तुमी कवा बसता?"

मग ऐकलंस कशाला? उपाशी राहिलीस कशाला? माझा आवाज चढला. मला तिचाच राग आला होता. चाळीस वर्षांत इतका कधी आला नव्हता.

"तुमी रात रात जागत व्हता. उठून माज्या नाकाशी हात धरून बघत व्हता, श्वास चालतोय का. मला काय कळत न्हवतं व्हय? म्या पाणी सोडलं त्या राती तुमी घोरला. म्हणलं, म्या एक टायम जेवल्यानं ह्यांला झोप लागतीया, तर लागू दे."

मी एवढंच विचारलं, तुला भूक लागत नव्हती का? इतके दिवस मी धरून चाललो होतो की औषधानं भूक मेली असेल.

ती माझ्याकडं वळली. तिचा चेहरा रागानं लाल झाला होता. तो राग मी या बाईच्या तोंडावर पहिल्यांदा बघितला.

"लागत व्हती की. लई लागत व्हती. दुपारी तुमी जेवायचा, वरणाला फोडणी बसायची, तवा म्या भिंतीकडं तोंड करून पडायची. तुमी माज्याच खोलीत यायचा, ढेकर द्यायचा आन पेपर वाचायचा."

यावर मी काय लिहू? हे असंच आहे. मी रोज दुपारी जेवून तिच्या खोलीत पेपर वाचत होतो.

मग ती म्हणाली, आता काय तरी करा, शिवरंजनी येईस्तवर म्या थांबणार न्हाय. मी स्वयंपाकघरात गेलो. रवा कुठं ठेवतात मला माहीत नव्हतं. तिनं खाटेवरून सांगितलं. तूप सापडलं नाही, तेही सांगितलं. डबे उघडून टाकत होतो, तशी आतून ओरडली की एवढं शिकून मीठ साखर ओळखू येईना का. रवा एका बाजूनं करपला. तोंडात फोड आहेत म्हणून पाणी जास्त घालून पातळ केला, गुठळ्या झाल्या. वाटीत घेऊन गेलो.

तिनं फुंकून फुंकून खाल्लं. प्रत्येक घासाला डोळ्यांत पाणी यायचं, फोडांना झोंबत होतं. मी थांब म्हणालो तर माझा हात बाजूला सारला. वाटी संपवून पुढं केली.

"अजून हाय का?"

नव्हतं. मी उठून पुन्हा गॅस पेटवला.